दोन तारखांच्या मधले दिवस

(महिला गटांच्या रेडिओ कार्यक्रमात केलेलं भाषण)

रानातून येऊन आत्ताच हातपाय धुतलेल्या, तवा चुलीवर ठेवून एक कान इकडं लावलेल्या, आणि गटाची बैठक थोडी थांबवून मोबाईलवर ऐकत बसलेल्या सगळ्यांना आमचा रामराम.

आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या एका बचत गटातल्या बाया. गटात आम्ही बाराजणी. त्यातल्या तिघींना कॅन्सर झाला. 'झाला होता' म्हणायचं की 'आहे' म्हणायचं, हे गावातले लोक आम्हाला विचारतात आणि आम्हाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. ऑपरेशन झालं, केमोची सलाईनं झाली, शेक झाला. मग डॉक्टर म्हणाले, आता घरी जा, कामाला लागा, पण दिलेल्या तारखेला येत जा. आजचं आमचं बोलणं त्या तारखेबद्दल आहे. आणि जास्त करून दोन तारखांच्या मधे जे दिवस पडतात, त्यांच्याबद्दल.

आम्ही तिघी आणि तारखेला आमच्याबरोबर येणारी चौथी, अशा चौघींनी बसून हे लिहिलंय. वाचायला आवाज एकीचा आहे, बोलणं चौघींचं. नावं सांगत नाही. गावाला ती माहीत आहेतच, रेडिओवर कशाला. थोरलीला आम्ही अक्का म्हणतो. अक्का ६२ वर्षांची, तिचं छातीचं ऑपरेशन होऊन ९ वर्षं झाली. मधली वैनी. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, शेक घेऊन ४ वर्षं झाली. आणि धाकटी ३८ वर्षांची. तिचंही छातीचंच, उपचार संपून २ वर्षं होऊन गेली, रोज एक गोळी चालू आहे.

तारखेला काय होतं ते आधी सांगतो. ज्यांच्या घरी हा आजार आला नाही त्यांना वाटतं, ऑपरेशन झालं की बाई सुटली. तसं नसतं. छातीच्या कॅन्सरचे उपचार संपले की पहिली ३ वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायला जायचं. पुढची २ वर्षं सहा महिन्यांनी नाहीतर वर्षानं. ५ वर्षांनंतर वर्षातून एकदा. गर्भाशयाच्या तोंडाचं साधारण असंच, पहिली २ वर्षं तारखा जवळजवळच्या. कारण परत येण्याचा धोका सुरुवातीच्या वर्षांत जास्त असतो. पुढं तो कमी होतो, पण छातीच्या काही प्रकारांत बऱ्याच वर्षांनीही आजार डोकं वर काढू शकतो. म्हणून अक्का नवव्या वर्षीही परळच्या टाटा दवाखान्यात जाऊन येते. रात्री लातूर-मुंबई गाडीत बसायचं, सकाळी मुंबई. कॅन्सरच्या रुग्णाला तपासणीला जातानाही रेल्वेच्या तिकिटात मोठी सवलत आहे, बरोबरच्या एका माणसालाही आहे. दवाखान्यातून फॉर्मवर सही-शिक्का घ्यायचा. अक्का पहिली ३ वर्षं पूर्ण तिकीट काढून जात होती, कारण कुणी सांगितलंच नाही. एसटीचं तर २०२३ च्या मार्चपासून आपल्याला अर्धंच तिकीट आहे.

आता तिथं गेल्यावर. डॉक्टर विचारतात, भूक कशी आहे, झोप लागते का, कुठं दुखतं का, खोकला आहे का. मग मान, काख, ऑपरेशनची जागा आणि दुसरी बाजू हातानं तपासतात. पोट दाबून बघतात. वर्षातून एकदा दुसऱ्या बाजूचा मॅमोग्राफीचा फोटो. बहुतेक वेळा एवढंच. पहिल्यांदा आम्हाला रागच आला. एवढ्या लांबून आलो, मजुरी बुडवली, आणि नुसता हात लावून परत पाठवलं! ना रक्त तपासलं, ना मोठ्या मशीनमधे घातलं. धाकटीला तर वाटलं, आपण गरीब दिसतो म्हणून टाळलं. मग तिनं तालुक्याच्या गावी एका तपासणी केंद्रात जाऊन 'संपूर्ण शरीर तपासणी' करून घेतली. पाच कागद मिळाले, पैसे गेले, आणि त्यातलं निम्मं डॉक्टरांनी बघितलंही नाही.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. ज्या बाईला काही त्रास नाही, तिला दर वेळी मोठ्या मशीनमधे घातल्यानं तिचं आयुष्य वाढतं असं दिसून आलेलं नाही. उलट नको ते ठिपके दिसतात, मग त्यांच्यामागं सुया, खर्च आणि रात्रीची जागरणं. पण त्रास असला तर मात्र तपासण्या करतातच. म्हणजे आपलं तोंड हीच मोठी तपासणी. ऑपरेशनच्या जागी किंवा काखेत, मानेत नवी गाठ, न थांबणारा खोकला, धाप, हाडातलं दुखणं जे रात्रीही जात नाही, कारण नसताना वजन उतरणं, अंगावरून लाल जाणं, यातलं काही असेल तर तारीख दोन महिन्यांवर असली तरी थांबायचं नाही. पाळी गेलेल्या बाईला छातीच्या कॅन्सरची गोळी चालू असताना अंगावर लाल गेलं तर तेही लगेच सांगायचं. आपण बाया हे सगळं सांगत नाही. डॉक्टर विचारतात, कसं आहे, आणि आपण म्हणतो, बरं हाय. एवढ्या लांब जाऊन 'बरं हाय' म्हणून परत येतो.

आणि गोळी. ती ५ वर्षं असते, काहींना १० वर्षं. धाकटीला त्या गोळीनं अंगातून वाफा निघतात, रात्री लुगडं ओलं होतं. मधे तिनं दीड महिना गोळी बंद ठेवली होती, कुणाला न सांगता. अक्का वर्षातून एकदा तुळजापूरला जाऊन येते, त्याला आमचं काही म्हणणं नाही, आम्हीही जातो. गोळी बंद करून नुसता अंगारा लावायचा म्हणाल तर आमचा विरोध आहे.

आता भीतीचं बोलू.

तारीख पंधरा दिवसांवर आली की पाठ दुखते. खरंच दुखते. दिवसभर भांगलून आलेल्या बाईची पाठ दुखणारच, पण त्या पंधरा दिवसांत ती पाठ भांगलणीची राहत नाही, कॅन्सरची होते. डोकं दुखलं तर डोक्यात गेला. पोट गच्च झालं तर पोटात गेला. घरातली माणसं म्हणतात, काही नाही होत, उगाच विचार करते. विचार काय आपण बोलावून आणतो का? वैनीचे मालक चांगले आहेत, पण ते सारखं म्हणायचे, 'हसत राहा, टेन्शन घेऊ नको, टेन्शननंच परत येतो.' वैनी एकदा त्यांच्यावर खेकसली. म्हणाली, 'म्हंजे परत आला तर माझाच दोष का?'

हे आम्हाला ठासून सांगायचंय. आनंदी राहिलं की कॅन्सर परत येत नाही, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. तसं असतं तर गावातल्या कितीतरी हसऱ्या बाया आज आपल्यात असत्या. असलं बोलणं वरून गोड लागतं, पण आजार परत आला की सगळा दोष त्या बाईच्याच माथी येतो, की हीच झुरत बसली होती. आम्ही आनंद करतो तो औषध म्हणून नाही. आमच्या वाट्याचे दिवस आहेत, ते आम्हाला पाहिजेत म्हणून.

भीतीवर आमचा एक साधा उपाय आहे. कुठं दुखलं की कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं. 'डावी कंबर.' 'उजवा खांदा.' वैनीच्या कालनिर्णयावर गॅसची टाकी कधी लावली, म्हैस कधी भरली आणि डावी कंबर हे सगळं एका पानावर आहे. दुखणं दोन आठवडे एकाच जागी राहिलं, वाढत गेलं, की दवाखाना. नाहीतर पान उलटायचं. गेल्या वर्षी अक्कानं अकरा दुखणी लिहिली. वर्षअखेरीला बसून वाचली तर त्यातल्या नऊंची तिला आठवणही नव्हती. एकदा तर 'जीभ' असं लिहिलेलं, ते कशासाठी ते आजपर्यंत कळलं नाही.

दुसरं म्हणजे एकटीनं जायचं नाही. आमची चौथी मैत्रीण आहे तिला काही आजार नाही. ती कान घेऊन येते, असं आम्ही म्हणतो. भ्यालेल्या बाईला डॉक्टरांच्या चार वाक्यांतलं एकच ऐकू येतं. चौथी वहीत लिहून घेते, आणि परत येताना एसटीत दोनदा वाचून दाखवते. शासनाच्या योजनेत काय बसतं, काय नाही, हेही तीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारते.

या भीतीपेक्षा वाईट एक गोष्ट आहे, ती दिसत नाही. 'रिपोर्ट येऊ दे, मग बघू.' नवं लुगडं आणलंय, रिपोर्ट येऊ दे. पोरीला नर्सिंगला घालायचंय, रिपोर्ट येऊ दे. बहिणीकडं पुण्याला जायचंय, रिपोर्ट येऊ दे. रिपोर्ट येतो, चांगला येतो, आणि त्याच कागदावर पुढची तारीख असते. अक्कानं एकदा हिशोब केला. ९ वर्षांत तिनं १७ तारखा केल्या. प्रत्येक तारखेच्या आधीचा एक महिना काही न करता बसलं, तर १७ महिने. दीड वर्ष झालं की ते. अक्का म्हणते, 'त्यातले पहिले सहा म्या बसूनच घालवले. ते कुनी परत देणार हाय का?'

आणि हे वाक्य फक्त आजारी बाई स्वतःला म्हणते असं नाही. आम्हीही दुसरीला म्हटलंय. ते सांगायचं की नाही यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. शेवटी सांगायचं ठरलं.

मागच्या वर्षी माघ महिन्यात धाकटीनं गटाकडं कर्ज मागितलं. शेवयाची मशीन घ्यायची, ४०,००० रुपये, २४ हप्ते. सगळा हिशोब तिनं वहीत मांडून आणला होता, उन्हाळ्यात किती किलो होतील, वीज किती लागेल. तिनं वाचलं आणि बैठकीत कुणी बोलेना. मग एकीनं विचारलं, 'तुझी पुढची तारीख कधी हाय गं?' विचारलं साधंच. पण तिला कळलं, आणि आम्हालाही कळलं. लगेच दुसरी म्हणाली, 'रिपोर्ट आला की देऊ की. पैसं कुठं पळून चाललेत.' ही दुसरी कोण ते सांगत नाही, पण ती आम्हा चौघींतलीच एक. जिला स्वतःला तारखा माहीत आहेत, तीच असं बोलली. धाकटीनं वही मिटली, हरकत नाही म्हणाली, आणि सगळ्यांचा चहा झाल्यावर कपबशा विसळून घरी गेली.

त्या रात्री आम्हाला कुणालाच नीट झोप लागली नसावी. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी तोच विषय निघाला. आमच्या गटानं दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला कर्ज दिलंय. ६७ वर्षांच्या म्हातारीला शेळ्यांसाठी दिलंय. तेव्हा कुणी कुणाची तारीख विचारली नव्हती. मरणाची तारीख काय फक्त तिघींच्याच अर्जावर असते? पुढच्या बैठकीत दोघींनी जामीन म्हणून सह्या केल्या आणि कर्ज मंजूर झालं. सगळ्यांना पटलं असं नाही. एक जण अजूनही म्हणते, गटाचा पैसा म्हणजे भावनेचा प्रश्न नाही. तिचंही अगदीच चूक नाही, पण तिचा हिशोब धाकटीपुरताच कडक का, हे तिनं आम्हाला अजून सांगितलेलं नाही.

आजपर्यंत १४ हप्ते झाले. त्यातले पावसाळ्यातले दोन उशिरा आले, कारण पावसात शेवया कोण करून घेणार. नियमाप्रमाणं दंड लावला. वहीत दंड लिहिला त्या दिवशी धाकटी हसली. म्हणाली, 'आता खरी तुमच्यातली झाले.'

तर अशी मशीन चालू झाली. गेल्या दिवाळीनंतर सोयाबीनच्या राशी झाल्या, धूळ उडाली, सगळ्यांनाच खोकला झाला. सगळ्यांचा गेला, धाकटीचा जाईना. कालनिर्णयावर तीन आठवडे 'खोकला, खोकला' असं लिहिलेलं. तारखेला अजून वेळ होता, तरी ती गेली. छातीचा मोठा फोटो काढला. उजव्या बाजूला एक ठिपका दिसला, ५ मिलिमीटरचा. ज्वारीच्या दाण्यापेक्षा काही फार मोठा नाही.

यावर डॉक्टर काय म्हणाले ते नीट ऐका, कारण हे पुष्कळजणींच्या वाट्याला येतं. असे लहान ठिपके कितीतरी माणसांच्या छातीत असतात. जुन्या टीबीचा किंवा कुठल्याशा जुन्या आजाराचा व्रण असू शकतो. कॅन्सरचाही असू शकतो. एवढ्या लहान ठिपक्यात सुई घालून तुकडा काढणं बहुतेक वेळा जमत नाही. तेव्हा तीन महिन्यांनी परत फोटो काढायचा आणि जुना-नवा शेजारी ठेवून बघायचे. वाढला तर पुढची तपासणी, नाही वाढला तर आणखी काही महिन्यांनी परत. धाकटी म्हणाली, म्हंजे काहीच करायचं नाही? डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवणं हे काहीच न करणं नव्हे. खोकला धुळीचाच होता, तो आपोआप गेला. ठिपका राहिला.

तीन महिने! ज्याला हे सांगितलं नाही त्याला तीन महिने म्हणजे काय ते कळणार नाही.

आणि चारच दिवसांवर येळवस होती.

लांबच्या मैत्रिणींसाठी सांगतो. मार्गशीर्षाची अमावास्या म्हणजे आमची येळवस, वेळ अमावास्या. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागात हा मोठा सण. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळं गाव रानात. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची, काळ्या आईला नैवेद्य द्यायचा. आदल्या रात्री चुली विझत नाहीत. भज्जीला सगळ्या भाज्या लागतात, तुरीचे, वालाचे ओले दाणे, हरभऱ्याचे घाटे, चाकवत, मेथी, जे रानात असेल ते. बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर, आणि ताकातली आंबील. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन रानात जायचं. कुणाच्याही रानात कुणीही जेवायला बसतं, पाहुण्याला जात, गाव, ओळख विचारायची पद्धत नाही.

धाकटीचं दार लावलेलं. आम्ही गेलो तर म्हणाली, 'औंदा नको. तिकडचा फोटू होऊ द्या. पुढच्या साली येते.' मालक शेतावर, पोरं शाळेतून आलेली, घरात चूल थंड. आमच्यातल्या एकीला काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं. अक्कानं तिला थांबवलं. अक्का म्हणाली, 'पुढच्या सालचं पुढच्या साली. माझ्याकडं दोन पाट्या चाकवत पडलाय, निवडायला माणूस न्हाई. पोरांना घे आन् चल.'

ती आली. रात्री नऊपासून बारापर्यंत चाकवत निवडत बसली. निवडता निवडता रडली, बरंच रडली. आम्ही कुणी 'रडू नको' म्हटलं नाही, आणि काम थांबवूही दिलं नाही. वैनी मधेच म्हणाली, मीठ कमी घाला गं भज्जीत, हिनं घातलंय आधीच. त्यावर धाकटीच पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी रानात तिनं दोनदा वाढून घेतलं. दुपारी कोपीत आडवी झाली आणि दोन तास गाढ झोपली. चार रात्रींनंतर तेवढीच झोप. तिची धाकटी पोरगी येऊन तीनदा बघून गेली, आई झोपलीय ना म्हणून. अक्का या वयात झोक्यावर बसली. तिचा एक हात जड आहे, दोरी नीट धरवत नाही, तरी बसली आणि तिच्या नातवानं झोका द्यायच्या ऐवजी मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ आता मुंबईच्या पाहुण्यांपर्यंत गेलाय. ठिपका काही आम्ही घरी ठेवून आलो नव्हतो, तो तिच्या छातीत होताच. संध्याकाळी परत येताना ती म्हणाली, 'दिवस गेला की बाई.' एवढंच म्हणाली.

त्या तीन महिन्यांतले सगळेच दिवस असे गेले नाहीत. काही रात्री तिनं अक्काला दोन वाजता फोन केला. एकदा पोराला विनाकारण मारलं आणि मग स्वतःच घरभर रडत फिरली. तेही सांगितलं पाहिजे.

अक्काचा हात जड आहे म्हटलं, ते थोडं उलगडून सांगतो. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, वर्षांनंतरही. आमचं मोजमाप बांगडी आहे. त्या हातातली बांगडी रुतायला लागली की समजायचं आणि फिजिओथेरपीच्या ताईंना दाखवायचं. सांगितलेले हाताचे व्यायाम रोज करायचे, हात वापरायचा, पण जखम होऊ द्यायची नाही. ज्वारी काढताना पातं लागतंच, म्हणून अक्का हातमोजा घालते. पहिल्या वर्षी बायका हसल्या, आता दोघीतिघी सुनाही घालतात. हात लाल झाला, तापला, अंगात ताप आला तर रात्र काढायची नाही, दवाखाना. सुई आणि बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला, हे प्रत्येक वेळी आपणच सांगायचं. ब्लाउज एका बाजूला मोकळा दिसतो म्हणून अक्का दोन वर्षं लग्नाला गेली नाही. शेवटी वैनीनं सुती कापडाची पिशवी शिवून, आत कापूस आणि तोल येण्यापुरती मोहरी भरून दिली. आता धाकटीसाठीही तीच शिवते.

आणि वैनीनं परवानगी दिली म्हणून हेही बोलतो. खालच्या बाजूला शेक घेतल्यावर आतली जागा कोरडी आणि आकसल्यासारखी होते. नवराबायकोच्या संबंधात दुखतं, आतून तपासतानाही दुखतं. म्हणून कित्येक बाया तपासणीच टाळतात. यावर उपाय असतात. डॉक्टरांना बोलता येत नसेल तर नर्सताईंना एकटीला गाठून विचारा. वैनीला विचारायला दीड वर्ष लागलं. विचारल्यावर पाच मिनिटांत काम झालं.

वैनीला एक हळहळ आहे. १९९९ पासून आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला. टाटा आणि बार्शीच्या दवाखान्यांची माणसं त्यात होती. बार्शी म्हणजे तेच, जिथं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून जास्त बाया होत्या. सगळ्या आपल्यासारख्या, शेतात राबणाऱ्या. गावांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदा केली, दोन भागांत दुसऱ्या तपासण्या, आणि एका भागात नेहमीचीच सेवा. आठ वर्षं सगळ्यांचा पाठपुरावा ठेवला. नेहमीच्या सेवेच्या भागात या कॅन्सरनं ६४ बाया गेल्या, एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४. हे २००९ साली जगभर छापून आलं, आणि आज परदेशातले डॉक्टरही आपल्या या बायांच्या आकड्यांवरून बोलतात. वैनीच्या सासूबाईंना त्या वेळी गावात आलेल्या तपासणीच्या बाया अजून आठवतात. वैनी तेव्हा लहान होती, वयात बसली नाही, आणि पुढं तिला कुणी तपासणीचं बोललं नाही, अंगावर जायला लागेपर्यंत. आता ३० वर्षांपुढच्या बायांची तोंडाची, छातीची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातून होते. आशाताई बोलवायला आली की शेंगा फोडायच्या आहेत म्हणून सांगू नका.

धाकटीचे तीन महिने या आठवड्यात संपतायत. गुरुवारी फोटो आहे. पहाटे ५:४० ची एसटी. धाकटी, अक्का आणि कान घेऊन जाणारी चौथी, अशा तिघी जाणार. वैनी धाकटीच्या पोरांना बघणार. फाईल, जुन्या फोटोची फिल्म आणि सीडी पिशवीत घातलीय. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बुधवारी रात्री करायची. हे भाषण आम्ही त्याआधीच रेकॉर्ड करतोय, रिपोर्टनंतर नाही. धाकटीनंच तसं सांगितलं.

रिपोर्ट त्याच दिवशी मिळेल असं नाही, कदाचित शनिवारी परत जावं लागेल. शुक्रवारी मशीन चालू आहे, दोन घरचा रवा येऊन पडलाय. तुम्हाला कुणाला शेवया करून घ्यायच्या असतील तर सोमवारनंतर आणा. त्याआधी जागा नाही, आणि रवा चाळून आणा, धाकटी न चाळलेला घेत नाही.